आधी पालथी घालून बघा: जुन्या बश्या आणि छापील चित्रं जमवू पाहणाऱ्यांसाठी

जुन्या बाजारात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मी बशी समोरून पाहिली, विकणाऱ्या मामांनी मला समोरून पाहिलं आणि सौदा झाला. निळी नक्षी, चिनी धाटणीचा पूल, वर दोन पाखरं. चारशे रुपये. घरी आणून पुसायला पालथी घातली तर मागे बारीक अक्षरांत लिहिलेलं, की ही मायक्रोवेव्हमध्ये चालेल. बायकोने ती बशी जपून ठेवली आहे. पाहुणे आले की त्याच बशीत मला पोहे मिळतात.

तेव्हापासून कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची पाठ बघतो. बशीची, ताटाची, चित्राची, फ्रेमची. पुढची बाजू कारागिराने सजवलेली असते. मागे मात्र भट्टी, कारखाना, फ्रेमवाला, आधीचा मालक अशा सगळ्यांच्या खुणा राहून गेलेल्या असतात, आणि त्या पुसायचं सहसा कुणाला सुचत नाही.

पायरी पहिली: घरचा माळा

बाजारात जाण्याआधी माळा उतरवा. पितळी ताटं, तांब्याच्या पराती, निळ्या काठाची एनॅमलची ताटल्या-वाडगी, कपांविना उरलेल्या चिनी मातीच्या बश्या, ट्रंकेच्या तळाशी अंथरलेली कॅलेंडरं. यातलं काहीच नाही असं मराठी घर मी पाहिलेलं नाही.

पितळी ताट हातात घेतलंत तर काठ आणि तळ नीट न्याहाळा. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव सापडेल. कुणाच्या मुंजीत, कुणाच्या लग्नात, कुठल्या मामाकडून, कधी सालासकट. साल शकाचं असेल तर ७८ मिळवा, इसवी सन जवळपास हाती येतं. असं ताट चिंच-मीठ लावून लखलखीत करायचा मोह आवरा. दर घासणीला ते ठिपके झिजतात, आणि वर्षानुवर्षं चढलेली गडद झाक एका दुपारी निघून जाते. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, एवढं पुरे. जुनं मठारकाम (ठोके देऊन भांडं घडवायचं काम) आणि नवं मठारकाम यांतला फरक कळत नसेल तर पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत चक्कर मारा. ठोके पडताना एकदा पाहिले की नंतर हाताला कळायला लागतं.

कॅलेंडरांना आणि दिवाळी अंकांनाही कमी लेखू नका. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठं म्हणजे मध्यमवर्गीय मराठी घरात फुकट आलेली चित्रं. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास आणि पेठांतल्या रद्दीच्या दुकानांत ती अजून निघतात. फाटक्या अंकाचं सुटलेलं मुखपृष्ठ फ्रेम करा, शाबूत अंक मात्र फाडू नका. मी तो एकदा फाडला होता आणि अजून वाईट वाटतं.

माळा पाहून झाला की एक विषय ठरवा. फक्त निळ्या-पांढऱ्या बश्या. फक्त पुण्यात किंवा आसपास छापलेली चित्रं. फक्त पक्षी. विषय ठरलेला नसेल तर दोन वर्षांत घराचं गोदाम होतं, आणि ते आवरायला तुम्हाला कुणी मदत करत नाही.

पायरी दुसरी: डोळा आणि पिशवी

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खी सकाळ घालवा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी, दरवाजे असं घरगुती वापरातलं जग गोळा केलं आणि अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने ते लोकांसाठी खुलं केलं. तिथे मस्तानी महालापुढे सगळे थांबतात. तुम्ही भांड्यांच्या दालनात थांबा. खऱ्या वापराने धातू कुठे झिजतो ते बघा: जिथे बोटं लागतात, जिथे वस्तू टेकते, जिथे झाकण आपटतं. सगळीकडून सारखी झिजलेली वस्तू दिसली की पुढे तुम्हाला आपोआप शंका यायला लागेल.

पिशवीत ठेवायला फार काही लागत नाही. सोनार किंवा घड्याळजी वापरतात तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी विजेरी, मापाची टेप, दोन जुने टॉवेल. नोटा तपासायची जांभळ्या प्रकाशाची विजेरी मिळाली तर तीही घ्या. तिचं काम पुढे येईल.

पायरी तिसरी: बाजार

मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी गर्दी, बुधवारी निवांतपणा. नवख्याने बुधवारी जावं. लवकर गेलात तर माल पसरतानाच दिसतो, पण 'भवानी व्हायचीय' म्हणून पहिल्या गिऱ्हाइकाला भाव पाडून मिळतो की त्याच्या गळ्यात काहीतरी मारलं जातं, हे अजून मला ठरवता आलेलं नाही.

सौदा करताना खोट काढत बसू नका. "मामा, हे कुठल्या वाड्यातनं आलं?" असं विचारा. उत्तर खरं असेलच असं नाही. पण वाडे पाडले जातात तेव्हा सामान एकगठ्ठा येतं, आणि त्याच गठ्ठ्यातली दुसरी वस्तू पालाखाली असू शकते. मग "शेवटचं सांगा" म्हणा आणि गप्प बसा. नवख्याला सगळ्यात जड जातं ते हे गप्प बसणं. पहिल्या चार फेऱ्यांत काहीच विकत घेतलं नाहीत तरी फेरी फुकट गेली असं समजू नका. आणि देवाच्या जुन्या मूर्ती, पोथ्या, ताम्रपट कुणी कोपऱ्यात नेऊन दाखवू लागला तर नमस्कार करून पुढे चला.

पायरी चौथी: बशी वाचणे

बशी उचला, पण उचलण्याआधी विचारा. डाव्या हाताच्या बोटांवर तोला आणि उजव्या हाताच्या नखाने काठावर हलकी टिचकी मारा. शाबूत बशी टणकन वाजते. आवाज भदभद आला तर कुठेतरी केसासारखा तडा गेलेला आहे, दिसो वा न दिसो. चकाकीतली बारीक जाळी म्हणजे तडा नव्हे. ती जुन्या मातीच्या बशीत बहुतेक वेळा असते, आणि भिंतीवर लावायची असेल तर ती मला आवडते. काठाचा टवका उडालेला असेल तर भाव उतरवून घ्या. भिंतीवर टवक्याची बाजू खाली केली की कुणाला दिसत नाही.

आता बशीच्या मागे हात धरून ती उजेडाकडे करा. बोटांची सावली दिसली तर पोर्सलीन किंवा बोन चायना. दिसली नाही तर साधी भाजलेली पांढरी माती. बोन चायनात जनावरांच्या हाडांची राख खरोखरच मिसळलेली असते. घरात कुणाला ते चालणार नसेल तर आधीच विचारून घ्या.

मग पालथी घाला. ज्या कड्यावर बशी टेकते त्याची चकाकी कुठे जास्त, कुठे कमी उडालेली हवी. सगळीकडे एकसारखी घासलेली दिसली तर ते काम बहुधा पॉलिश पेपरचं. तळाशी तीन बारीक खडबडीत ठिपके दिसले तर आनंद माना. भट्टीत बश्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून मध्ये मातीच्या तिवया ठेवत, त्यांचे ते व्रण.

शेवटी शिक्का. परदेशी बश्यांचा काळ ओळखायला काही खुणा पाठ केल्यात तरी बराच पल्ला गाठाल. अमेरिकेच्या १८९० च्या आयातकर कायद्याने मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून नुसतं 'इंग्लंड' असं रोमन अक्षरांत छापलेली बशी बहुतेक १८९१ नंतरची असते. 'मेड इन इंग्लंड' हे साधारण विसाव्या शतकातलं. 'आरडी नंबर' (म्हणजे नक्षीच्या नोंदणीचा क्रमांक) आणि पुढे आकडा असेल तर १८८४ नंतरचं. जपानी मालावर 'निप्पॉन' असेल तर १८९१ ते १९२१, आणि 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची, १९५२ पर्यंतची काही वर्षं. 'चेकोस्लोव्हाकिया' १९१८ च्या आधी असूच शकत नाही, कारण तो देशच नव्हता. स्फिंक्सचं चित्र आणि 'मास्ट्रिक्ट' दिसलं तर ती हॉलंडच्या पेत्रुस रेगू कारखान्याची. हा कारखाना आशियात भरपूर माल पाठवत असे. 'बेंगाल पॉटरीज' आणि 'ग्वाल्हेर पॉटरीज' हे आपले देशी शिक्के. ते स्वस्त मिळतात आणि माझ्या मते अजून पुरेसे कौतुकले गेलेले नाहीत. शिक्काच नसेल तर मात्र बशी फार जुनी, असा निष्कर्ष काढू नका. विक्रेता तो तुमच्यासाठी काढून ठेवतोच.

निळ्या-पांढऱ्या बश्यांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मला या छंदात ओढलं ते त्यांनी. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर भागात अठराव्या शतकाच्या अखेरीस एक युक्ती रूढ झाली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, त्यात रंग भरायचा, पातळ कागदावर ठसा घ्यायचा, तो ओला कागद एकदा भाजलेल्या बशीवर दाबून बसवायचा, कागद धुऊन काढायचा, वर चकाकीचा हात देऊन पुन्हा भाजायचं. म्हणजे ही बशी छापील चित्रच, फक्त कागद निघून गेलेला. खात्री करायची असेल तर काठाची वेलबुट्टी बोटाने फिरवत न्या. कागदाच्या पट्टीची दोन टोकं जिथे भेटली तिथे वेल तुटलेली किंवा फूल अर्धं कापलेलं दिसेल. हा चुकलेला सांधा सापडला की मी त्या बशीचे शंभर रुपये जास्त द्यायला तयार होतो. हे विक्रेत्याला सांगू नका.

जांभळी विजेरी इथे कामाची. अंधारात तिच्या उजेडाखाली नव्या डिंकाच्या आणि रंगाच्या डागडुज्या बहुतेक वेळा आजूबाजूच्या चकाकीपेक्षा वेगळ्या उजळतात.

या बश्यांत जेवू नका. जुन्या चकाकीत आणि रंगांत शिसं असू शकतं, आणि लिंबू, चिंच, लोणच्याचा खार ते बाहेर काढतात. धुताना प्लास्टिकच्या टबात टॉवेल अंथरा, एकेक बशी हाताने धुवा. ब्लीच अजिबात नको, जाळीतून आत शिरून ते चकाकीखालची माती बिघडवतं.

पायरी पाचवी: चित्र वाचणे

छापील चित्रांच्या बाबतीत पुणेकर नशीबवान आहेत. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सहकाऱ्यांसोबत १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा काढली. देवदेवता आणि मराठ्यांच्या इतिहासातली माणसं तिथून रंगीत शिळाछापात, म्हणजे दगडावरून घेतलेल्या छपाईत, घरोघर गेली. त्यांचं रामपंचायतन आजोळच्या भिंतीवर पाहिल्याचं तुमच्या आई-वडिलांना आठवत असेल. दुसरं ठिकाण लोणावळ्याच्या लोकलवर आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू केला, प्लेगच्या दिवसांत तो मळवलीला हलला, आणि पुढे फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेऊन चालवला. भाजे-कार्ल्याला जाताना आपण ज्या स्टेशनवर उतरतो, तिथून लक्ष्मी-सरस्वती देशभर गेल्या. रविवर्मा १९०६ मध्ये वारला, छापखाना त्यानंतर कितीतरी दशकं चालला. म्हणून चित्रावरची सही छापलेली असते. 'स्वतः सही केलेलं' म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर चहा पिऊन उठा.

आता भिंग काढा. शिळाछापात प्रत्येक रंगाचा वेगळा दगड असे आणि कारागीर हाताने ठिपके टाकत. भिंगाखाली ते लहान-मोठे, वेडेवाकडे, एकमेकांवर चढलेले दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ठिपके शिस्तीत, जाळीसारखे किंवा बारीक फुलांसारखे बसतात. त्या दोहोंतला फरक एकदा पाहायचा असेल तर घरातली लग्नपत्रिका आणि शंभर वर्षांपूर्वीचं एखादं देवाचं चित्र शेजारी ठेवा. दोन मिनिटांत कळेल. चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी केलेली नवी 'रविवर्मा' चित्रं या एका तपासणीत पकडली जातात. कागदावर जांभळी विजेरीही टाका. साधारण १९५० नंतरच्या पांढऱ्या कागदात उजळवणारं रसायन असतं, तो निळसर पांढरा चमकतो. जुना कागद मंद दिसतो.

मग पुन्हा पाठ आणि तळाची ओळ. इथे मराठी वाचणाऱ्याकडे एक खास हत्यार आहे: अनुस्वार. 'पुणें' असा शेवटच्या अक्षरावर अनुस्वार असेल तर मजकूर बहुधा १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नव्या नियमांआधीचा. फ्रेमच्या मागे दुकानाचं लेबल असेल तर पत्ता वाचा. 'पुणे २' असं असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं, कारण सहा आकडी पिनकोड त्या वर्षी आला. दूरध्वनी चार-पाच आकडी असेल तर आणखी आनंद. लेबल फ्रेमचा काळ सांगतं, चित्राचा नव्हे. जुन्या फ्रेममध्ये नवं चित्र घालणं हा बाजारातला आवडता खेळ आहे, तेव्हा दोन्हींची साक्ष जुळते का ते पाहा.

इंग्रजी काळातली छापील दृश्यंही मिळतात. त्यातली शिखरं आपल्या आवाक्याबाहेरची. जेम्स वेल्स हा चित्रकार पेशव्यांच्या पुण्यात आला, त्याच्या हाताखाली गंगाराम तांबट तयार झाला, आणि वेल्सच्या वेरूळच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये चोवीस छापील चित्रांचा संच काढला. असला मूळ ठसा पालावर सापडणार नाही. सापडतं ते 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'सारख्या साप्ताहिकातून कापलेलं पान. हे साप्ताहिक १८४२ मध्ये सुरू झालं आणि त्याची जुनी पानं काळ्या-पांढऱ्या लाकूडठशात असत. त्यावर रंग दिसला तर तो बहुधा नंतर कुणीतरी भरलेला आहे. छान भरला असेल तर घ्या, पण 'मूळ रंगीत' या भावाने नको. तांब्याच्या पत्र्यावरून काढलेल्या ठशाला चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब असतो. बोट फिरवलं की लागतो.

नवं पण चांगलं हवं असेल तर घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात, बालगंधर्वच्या कलादालनात प्रदर्शनं लागतात, आणि तिथे तरुण चित्रकारांचे हाताने काढलेले ठसे मिळू शकतात. खाली पेन्सिलीने '१२/५०' असं लिहिलेलं असेल तर पन्नासातली ती बारावी प्रत. 'जिक्ले' म्हणजे चांगल्या शाईची डिजिटल छपाई. वाईट नाही, पण भाव ठसा म्हणून देऊ नका.

कायद्याचं थोडक्यात: १९७२ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा कलात्मक वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. लेकीला न्यू जर्सीला जाताना पणजीचं ताट द्यायचं मनात असेल आणि वयाबद्दल शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला आधी मिळवा. विमानतळावर रडारड नको.

पायरी सहावी: फ्रेम, भिंत आणि पाऊस

फ्रेमवाल्याला तीन गोष्टी ठणकावून सांगा. लॅमिनेशन नाही. फेविकॉलने बोर्डावर चिकटवणं नाही. काच चित्राला टेकवणं नाही. माझं एक चित्र एका फ्रेमवाल्याने 'सर, टिकाऊ करून दिलंय' म्हणत प्लायला चिकटवून दिलं. ते आता प्लायसकटच टिकेल. ॲसिड-फ्री माउंट मागा, त्याने काच आणि कागद यांत फट राहते. चित्र वरच्या दोन कोपऱ्यांना पातळ कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाची खळ लावून टांगलं की पुढे कधीही सोडवता येतं.

भिंत निवडताना पावसाचा विचार आधी. ज्या बाहेरच्या भिंतीवर नैऋत्येचा मारा होतो तिथे चित्र नको. जून ते सप्टेंबर ओल आत येते, कागदावर तांबूस ठिपके पडतात आणि कसर लागते. आतली भिंत घ्या, आणि फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावा, म्हणजे मागून हवा खेळेल. ऊन थेट येतं तिथे रंगीत छाप नकोच. बशीला ऊन चालतं, पण गॅसच्या वरची जागा नको. फोडणीचा चिकटा आठवड्यात चढतो.

खिळ्याचं गणित घरावर आहे. वाड्याच्या जुन्या भिंतीत खिळा सुळकन जातो आणि तसाच बाहेरही येतो. नव्या इमारतींतल्या मिवानच्या (साच्यात ओतलेल्या) काँक्रीट भिंतीत हातोडी मारलीत तर खिळा वाकतो. सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, भिंतीत साधा खिळा सैल होतो. शेवटच्या दोन्हींना ड्रिल, गिट्टी (भोकात बसवायची प्लास्टिकची नळी) आणि स्क्रू हवा. सिपोरेक्सला गिट्टी जरा लांब घ्या. बशीसाठी स्प्रिंगचा तारेचा हँगर मिळतो. तो बशीपेक्षा किंचित मोठ्या मापाचा घ्या, कारण ताण जास्त झाला की काठाचा टवका उडतो. तारेच्या आकड्यांवर प्लास्टिकचं आवरण नसेल तर टोकांना बारीक नळी चढवा. चिकटवायच्या चकत्या सोनेरी काठाच्या किंवा जाळी पडलेल्या बशीला लावू नका.

मांडणी भिंतीवर ठरवू नका, जमिनीवर ठरवा. प्रत्येक बशीचा आणि फ्रेमचा आकार वर्तमानपत्रातून कापा, कागदी चिकटपट्टीने भिंतीवर लावा आणि दोन दिवस तसेच ठेवा. घरातले येता-जाता मतं देतील, त्यातली निम्मी बरोबर असतात. सगळ्या जमावाचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर, दोन वस्तूंत ५ ते ८ सेंमी अंतर. सगळ्यात मोठी बशी बरोबर मध्यात न ठेवता थोडी खाली आणि एका बाजूला ठेवली की बाकीच्या तिच्याभोवती आपोआप बसतात. आणि पलंगाच्या डोक्यावर काहीही टांगू नका.

दसऱ्याच्या आधी सगळ्या फ्रेम एकदा उतरवून मागून पाहा. ओलीचा डाग, कसरीची भुकटी, सैल झालेली तार तेव्हाच सापडते. त्याच वेळी मी फ्रेमच्या मागच्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवतो: कुठे मिळालं, कोणत्या साली, विकणाऱ्याने काय गोष्ट सांगितली. किंमत मात्र लिहीत नाही. आमच्या घरात आता सगळेच पाठ बघतात.